आयआयटीत शोधलेले औषध पेशंटपर्यंत कितीला पोहोचते?

'मुंबईच्या आयआयटीने कॅन्सरवर औषध शोधले' ही बातमी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तेव्हापासून ती दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नव्याने फिरते, आणि पेशंटचे नातेवाईक मोबाइल पुढे करून विचारतात, "डॉक्टर, हे आपल्याला मिळेल का?" कोणाच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर असतो, कोणाच्या बहिणीला स्तनाचा. ज्या आजारासाठी हा उपचार खरोखर आहे, असा पेशंट क्वचितच असतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "आयआयटी म्हणजे सरकारीच ना? मग चाळीस लाख कसले?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय आहे, ते आधी देतो. दुसरा प्रश्न सध्याच्या घडामोडींशी थेट जोडलेला आहे. विद्यापीठे आणि उद्योग यांनी एकत्र येऊन नवी औषधे, नवी उपकरणे तयार करावीत यासाठी केंद्र सरकार मोठा पैसा उभा करत आहे. त्या पैशातून उद्या जी औषधे येतील त्यांची किंमत कुठे आणि केव्हा ठरणार, हा पेशंटच्या दृष्टीने मुख्य मुद्दा आहे. या विषयावर बोलणारे बहुतेक जण शास्त्रज्ञ, उद्योजक किंवा अधिकारी असतात. बिल भरणारा माणूस त्या चर्चेत सहसा दिसत नाही.

नेक्सकार-१९ नक्की कोणासाठी?

आपल्या रक्तात बी-पेशी आणि टी-पेशी अशा दोन प्रकारच्या संरक्षक पेशी असतात. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये बी-पेशी बेसुमार वाढतात. या बी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाचे प्रथिन असते. कार-टी उपचारात पेशंटच्याच रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवा जनुक घालतात आणि त्यांना सीडी-१९ ओळखायला शिकवतात. या पेशींची संख्या वाढवून, त्या तपासून, गोठवून रुग्णालयात परत पाठवतात. मग पेशंटला काही दिवस केमोथेरपी देतात आणि त्यानंतर त्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. हे सगळे सहसा एकदाच करायचे असते.

नेक्सकार-१९ ला भारतात मंजुरी मिळाली ती बी-पेशींचा लिम्फोमा आणि बी-पेशींचा अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या आजारांसाठी. तीही १५ वर्षे व त्यापुढच्या वयाच्या अशा पेशंटसाठी, ज्यांचा आजार नेहमीच्या उपचारांनंतर उलटला आहे किंवा उपचारांना दादच देत नाही. तोंड, स्तन, फुप्फुस, आतडे, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी हा उपचार नाही. घट्ट गाठीच्या कॅन्सरवर अशा पेशी वापरण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत, पण आज तुमच्या वडिलांच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हाच रस्ता आहे. 'कार-टीची वाट पाहू' म्हणून ठरलेले ऑपरेशन पुढे ढकलू नका.

एका औषधामागे किती जण होते

आता दुसरा प्रश्न. हे औषध 'आयआयटीने शोधले' हे खरे आहे, पण अर्धेच. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशींची रचना तयार झाली. ती आजारी माणसांवर वापरून पाहण्याचे काम टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांचे. तिथले डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला ही त्यातली प्रमुख नावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील तज्ज्ञांचे मार्गदर्शनही मिळाले. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात, देशात पहिल्यांदा या पेशी पेशंटला दिल्या गेल्या. त्या चाचणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आपल्या बायरॅक या संस्थेमार्फत १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते.

याच दरम्यान २०१८ मध्ये इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी स्थापन झाली. ती आयआयटीच्याच उद्योग-पालन केंद्रात वाढली आणि तिचे संस्थापक स्वतः प्राध्यापक पुरवार. २०२१ मध्ये हैदराबादच्या लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने तिच्यात भांडवल घातले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत या उपचाराचे औपचारिक उद्घाटन केले.

कोणाचा किती वाटा, हे इथे महत्त्वाचे. आयआयटी आपल्या करातून चालते. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालते. चाचणीला सरकारी पैसा होता. आणि त्या चाचणीत जे पेशंट सहभागी झाले त्यांनी स्वतःचे शरीर दिले. या शेवटच्या वाट्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

मग कंपनी हवीच कशाला, असे विचारणारे भेटतात. हवी. प्राध्यापकाला एका काचेच्या भांड्यात पेशी बदलून दाखवता येतात. पण इथे प्रत्येक पेशंटची बॅच वेगळी असते, कारण पेशी त्याच्याच. नाशिकहून आलेल्या पेशी आणि नागपूरहून आलेल्या पेशी यांची अदलाबदल झाली तर जीव जाईल. प्रत्येक बॅच जंतुमुक्त आहे, त्यात पुरेशा जिवंत पेशी आहेत, विषाणू बेकाबू नाही हे तपासून लेखी द्यावे लागते. चोवीस तास चालणाऱ्या स्वच्छ खोल्या लागतात, गोठवलेल्या पेशींची वाहतूक लागते आणि काही बिघडले तर जबाबदारी घेणारे कोणीतरी लागते. विद्यापीठाची घडण यासाठी झालेलीच नाही. आपल्या देशात कितीतरी चांगले संशोधन प्रबंधाच्या बांधणीत बंद होऊन कपाटात पडून आहे, त्याचे हे एक मोठे कारण. म्हणून विद्यापीठ आणि उद्योग यांच्या हातमिळवणीला माझा विरोध नाही. तिच्या अटी काय, एवढेच मला विचारायचे आहे.

चार कोटींचे चाळीस लाख कसे झाले

जगातला पहिला मंजूर कार-टी उपचारही अशाच जोडीतून आला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने तो विकसित केला. २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला तो दिला गेला आणि ती वाचली. त्याच वर्षी विद्यापीठाने नोव्हार्टिस या स्विस कंपनीशी करार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा कंपनीने जाहीर केलेली किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. आजच्या दराने चार कोटी रुपयांच्या घरात, आणि हे फक्त पेशींचे. रुग्णालयाचा खर्च वेगळा.

नेक्सकार-१९ च्या बाबतीत बातम्यांमधून ३० ते ४५ लाखांच्या दरम्यानचे आकडे येतात. म्हणजे अमेरिकेतील किमतीच्या सुमारे दहावा हिस्सा. हे कसे जमले? मनुष्यबळ स्वस्त हे एक कारण झाले, पण तेवढ्याने दहा पट फरक पडत नाही. सर्वांत महाग घटक म्हणजे जनुक पोचवणारा विषाणू. तो बाहेरून विकत आणला तर किंमत आभाळाला भिडते. तो इथेच तयार करण्याचे तंत्र या गटाने बसवले. पेशींची रचनाही स्वतःची असल्याने परदेशी कंपनीला तिच्या रॉयल्टीपोटी काही द्यावे लागत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की परवडणारा उपचार बनवायचा हे या गटाने पहिल्यापासून उघडपणे सांगितले होते. अभियांत्रिकीचे निर्णय त्या हिशोबाने झाले. किंमत कमी ठेवायची हे उद्दिष्ट शेवटी चिकटवता येत नाही, ते पहिल्या दिवशी धरावे लागते.

तरीही चाळीस लाख म्हणजे चाळीस लाख. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे कवच मिळते. आयुष्मान भारतची मर्यादाही तेवढीच. मध्यमवर्गीय कुटुंबांची आरोग्य विमा पॉलिसी बहुधा ५ किंवा १० लाखांची असते. परदेशी उपचार आवाक्याबाहेर होता, देशी उपचार घर विकून आवाक्यात आला आहे. ही प्रगती आहेच, पण तिला 'सर्वसामान्यांना परवडणारा' म्हणणे मला जड जाते.

किंमत ठरते ती करारात

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण तिचे एक टोक मुंबईत आहे. एचआयव्हीवरचे स्टाव्ह्युडिन हे औषध. त्याचा विषाणूविरोधी उपयोग अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील विल्यम प्रुसॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवला. विद्यापीठाने पेटंट घेतले आणि विक्रीचे एकमेव हक्क ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला दिले. विद्यापीठाला रॉयल्टीचे कोट्यवधी डॉलर मिळू लागले. त्या काळी एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरच्या पुढे होता आणि दक्षिण आफ्रिकेत लोक औषधावाचून मरत होते.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने जाहीर केले, की आम्ही हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला देऊ. त्या तिघांत स्टाव्ह्युडिन होते. पण दक्षिण आफ्रिकेत पेटंट येलचे. संस्थेने येलला पत्र लिहून विचारले, की स्वस्त औषध आणू देता का? विद्यापीठाचे पहिले उत्तर असे, की हक्क आम्ही कंपनीला दिले आहेत, आमचे हात बांधलेले आहेत. मग येलचेच विद्यार्थी उठले. खुद्द प्रुसॉफ यांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. काही आठवड्यांत, मार्च २००१ मध्ये, कंपनीने दक्षिण आफ्रिकेत आपले पेटंट आड येऊ देणार नाही असे जाहीर केले. पुढे दुष्परिणामांमुळे स्टाव्ह्युडिन वापरातून बाजूला पडले आणि आज त्याहून चांगली औषधे आहेत. पण 'आमचे हात बांधलेले आहेत' हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. हात बांधले कोणी? सही करताना विद्यापीठाने स्वतःच.

आपल्या देशातल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटना जवळचे उदाहरण म्हणजे एन्झाल्युटामाइड. हे औषध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळांत, अमेरिकी सरकारच्या अनुदानावर तयार झाले. नंतर ते कंपन्यांकडे गेले आणि महाग झाले. २०१६ मध्ये विद्यापीठ आणि इतर हक्कदारांनी मिळून त्याच्या रॉयल्टीचे हक्क ११४ कोटी डॉलरला विकले. अमेरिकेत १९८० पासून बे-डोल कायदा आहे. सरकारी पैशातून निघालेल्या शोधाचे पेटंट विद्यापीठाला घेता येते, ते या कायद्यामुळेच. त्यात एक कलम असे, की शोध लोकांपर्यंत रास्त अटींवर पोचत नसेल तर सरकार हस्तक्षेप करून दुसऱ्या उत्पादकाला परवानगी देऊ शकते. एन्झाल्युटामाइडसाठी हे कलम वापरा, अशी मागणी अमेरिकेतल्या पेशंटनी केली. मार्च २०२३ मध्ये ती फेटाळली गेली. किंमत कमी करण्यासाठी हे कलम आजवर एकदाही वापरलेले नाही. कागदावरचा हक्क आणि हातातले औषध यांत केवढे अंतर असते ते पाहा.

भारतात २०१६ मध्ये पेटंट कार्यालयाने या औषधाचा पेटंट अर्ज नाकारला. विद्यापीठाने त्या निर्णयाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानही दिले. आज आपल्याकडे अनेक भारतीय कंपन्यांचे एन्झाल्युटामाइड मिळते, ते या नकारामुळे. तुमच्या घरी कोणी ही गोळी घेत असेल तर तिच्या किमतीमागे एवढा इतिहास आहे.

याच्या उलट, सुरुवातीलाच किंमत ठरवून पुढे गेल्याचे आपल्याकडचे चांगले उदाहरण म्हणजे रोटाव्हायरसची लस. लहान बाळांना तीव्र जुलाब करणाऱ्या या विषाणूचा एक सौम्य प्रकार दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला. या बाळांना संसर्ग होता पण आजार नव्हता. डॉ. महाराज किशन भान यांच्या पुढाकाराने एम्स, जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशी विद्यापीठे व संस्था आणि हैदराबादची भारत बायोटेक असा मोठा गोतावळा जमला. कंपनीने लस बाजारात येण्याआधीच सांगितले, की सरकारी कार्यक्रमासाठी एक डोस एक डॉलरला देऊ. अंतिम टप्प्याची चाचणी ६,७९९ बाळांवर दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथे झाली. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात यायला लागली आणि आज तुमच्या नातवाला अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तोंडावाटे मोफत मिळते. लसीची परिणामकारकता पहिल्या वर्षी ५६ टक्के होती, म्हणजे डोळे दिपवणारी नाही. पण प्रत्येक बाळापर्यंत जाणारी ५६ टक्क्यांची लस, श्रीमंतांच्याच बाळांना मिळणाऱ्या महागड्या लसीपेक्षा जास्त जीव वाचवते.

लस आणि कार-टी यांची सरसकट तुलना करता येत नाही, हे मान्य. लसीचे कोट्यवधी डोस एकाच घाण्यात निघतात. कार-टीची प्रत्येक पिशवी वेगळी बनते. सरकार लस एकगठ्ठा विकत घेते, तर कॅन्सरचे बिल घरातले लोक भरतात. म्हणून कार-टी एक डॉलरला कधीच मिळणार नाही. पण किंमत हा विषय वाटाघाटीच्या पहिल्या बैठकीत निघाला की नाही, याने फरक पडतो, एवढे यावरून दिसते.

नवा पैसा, जुन्या सवयी

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खासगी क्षेत्राला कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज देऊन संशोधन वाढवायचे, असे तिचे स्वरूप. त्याआधी औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी ५ हजार कोटींची योजना आली होती. हा पैसा हवाच होता.

पण बिनव्याजी कर्ज हेसुद्धा एक प्रकारचे अनुदानच. आपण घरासाठी काढलेल्या कर्जाला व्याज भरतो. कंपनीला ते माफ होत असेल तर त्या बदल्यात समाजाला काय मिळणार, हे करारात लिहिलेले असावे. सरकारी रुग्णालयांना ठरावीक सवलतीचा दर, सरकारी योजनांसाठी वेगळी किंमत, ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर हक्क परत घेण्याची मुभा, आणि कराराच्या मुख्य अटी जाहीर करणे. यातले काही अशक्य नाही. भारतात बे-डोलच्या धर्तीवर २००८ मध्ये एक विधेयक राज्यसभेत आले होते, पुढे ते बारगळले. त्यामुळे आज प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमांप्रमाणे करार करते. कुठे पेशंटचा विचार होतो, कुठे होत नाही, आणि बाहेरच्या माणसाला ते कळायला मार्ग नाही.

कोणी म्हणेल, अटी घातल्या तर कंपन्या येणारच नाहीत. काही नाही येणार. पण सरकारी पैसा, सरकारी प्रयोगशाळा आणि सरकारी रुग्णालयातले पेशंट एवढे सगळे मिळत असताना सवलतीच्या दराची एक अट जड वाटणाऱ्या कंपनीला नाही म्हणता आले पाहिजे.

एक आशेची गोष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या इम्युनील कंपनीने दुसरा कार-टी उपचार बाजारात आणला. त्याचे मूळ तंत्रज्ञान स्पेनमधील बार्सिलोनाच्या विद्यापीठ रुग्णालयाचे. दोन उत्पादक झाले की रुग्णालयांना भाव करायला जागा मिळते. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जीन थेरपीवरचा कर पूर्ण माफ करण्याची शिफारस केली. तुमच्या अंदाजपत्रकात जीएसटी लावला असेल तर तो कशावर लावला आहे, हे बिलिंग विभागाला जरूर विचारा.

उपचाराचा विचार करत असाल तर

बातमीत '७३ टक्के यश' असा आकडा तुम्ही वाचला असेल. तो मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटोलॉजी' या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांतला आहे. चाचण्यांत ६४ पेशंट होते. ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ पैकी ३७ जणांमध्ये आजाराने उपचाराला प्रतिसाद दिला, तो हा ७३ टक्के. प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. काहींचा आजार पुन्हा उलटतो. ल्युकेमियाच्या पेशंटला त्यानंतर बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवले जाऊ शकते, त्याचा खर्च आणखी वेगळा. पण हे असे पेशंट होते ज्यांच्यासाठी बाकी उपाय जवळजवळ संपले होते. त्यांच्यात ७३ टक्के हा आकडा खरोखर चांगला आहे.

उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही त्याच अहवालात नोंदवलेले आहेत. हे सांगून घाबरवायचे नाही, पण सही करताना माहीत असावे. नव्या टी-पेशी एकदम कामाला लागल्या की तीव्र ताप, रक्तदाब कमी होणे, दम लागणे असे होऊ शकते. त्यावर टोसिलिझुमॅबसारखी औषधे आहेत. काहींना गोंधळल्यासारखे होते, बोलताना शब्द सुचत नाहीत. रक्तातल्या पेशी बहुतेकांच्या कमी होतात. शिवाय हा उपचार चांगल्या-वाईट दोन्ही बी-पेशी मारतो, त्यामुळे पुढे काही महिने किंवा त्याहून जास्त काळ वारंवार जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि काहींना इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने घ्यावी लागतात. म्हणून अंदाजपत्रक मागताना फक्त पेशींची किंमत विचारू नका. आयसीयू, रक्त, त्यानंतरचे सहा महिने आणि रुग्णालयाजवळ राहण्याचा खर्च असा सगळा आकडा लेखी मागा. पेशी तयार होईपर्यंतच्या काही आठवड्यांत आजार वाढला आणि पेशी देताच आल्या नाहीत, तर भरलेल्या पैशांचे काय, हेही आधीच विचारा. हा प्रश्न विचारताना लोकांना अवघडल्यासारखे होते, पण चाळीस लाखांच्या व्यवहारात अवघडून चालत नाही.

डॉक्टरांना आणखी एक विचारा: तुमचा किंवा रुग्णालयाचा या कंपनीशी काही आर्थिक संबंध आहे का? विद्यापीठ आणि उद्योग जवळ आले की संशोधक, डॉक्टर आणि कंपनीचा भागीदार एकच माणूस असू शकतो. यात बेकायदा काही नाही, आणि लॅन्सेटच्या लेखासारख्या ठिकाणी हे संबंध जाहीर करावेच लागतात. समोरच्या डॉक्टरने शांतपणे उत्तर दिले तर विश्वास वाढतो. अशा वेळी दुसऱ्या केंद्रातल्या रक्तविकार तज्ज्ञाचे मत घ्यायला हरकत नाही. चांगले डॉक्टर स्वतःच फाइल देतात.

मंजूर उपचार परवडत नसेल किंवा तुमच्या आजारासाठी तो मंजूरच नसेल, तर चालू असलेल्या वैद्यकीय चाचणीत जागा आहे का ते टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात विचारता येते. भारतातल्या चाचण्यांची नोंद आयसीएमआरच्या सीटीआरआय या खुल्या नोंदवहीत असते, तिथे नोंदणी क्रमांक टाकून खात्री करता येते. चाचणीतल्या औषधाचे पैसे कोणी मागत असेल तर सावध व्हा. 'स्टेम सेल' किंवा 'इम्युन सेल' थेरपीच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन गुडघेदुखीपासून कॅन्सरपर्यंत सगळे बरे करण्याचे दावे करणाऱ्या क्लिनिकच्या जाहिराती मी पाहतो. त्यांच्याकडे असा क्रमांक मागून बघा.

खऱ्या चाचणीत तुम्हाला काही हक्क आहेत. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार सहभागामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. त्याच नियमांत असेही आहे, की चाचणीतल्या औषधाने पेशंटला फायदा होत असेल आणि त्याच्यासाठी दुसरा पर्याय नसेल, तर संशोधक डॉक्टरची शिफारस आणि नीतिमत्ता समितीची मान्यता घेऊन चाचणी संपल्यावरही ते औषध प्रायोजकाने मोफत पुरवायचे असते. संमतीपत्रात या दोन्ही गोष्टी कुठे लिहिल्या आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगा. मराठीतले संमतीपत्र मागा, ते द्यावे लागते. घरी नेऊन वाचायला वेळ मागा. वाचताना अडले तर आपल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन या, आम्ही कॅन्सरतज्ज्ञ नसलो तरी तो कागद तुमच्यासोबत बसून नक्की वाचू शकतो.